ट्रान्सड्यूसर कुठे बसवावा: मागच्या फळीवर, बुडाला भोक पाडून, की आतून चिकटवून?

उधाण

फिशफाइंडर (पाण्यात ध्वनी सोडून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) घ्यायचा ठरला की सगळी चर्चा स्क्रीन किती इंचाची आणि पॉवर किती वॅटची यावर होते. ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा आणि प्रतिध्वनी ऐकणारा त्याचा भाग, कुठे लागणार हा प्रश्न मिस्त्री ड्रिल घेऊन उभा राहिला की निघतो. माझं मत सरळ आहे: आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगलेल्या) इंजिनाच्या, सात-आठ मीटरपर्यंतच्या बोटीला तो ट्रान्समवर, म्हणजे मागच्या उभ्या फळीवरच बसवावा. बुडाला भोक पाडायचं काही कारण नाही.

आधी पंखा (इंजिनाचा प्रोपेलर) बघा. मागून बघताना तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल (एका इंजिनाच्या बोटीत बहुधा तसाच असतो), तर उजव्या बाजूची पाती खाली जात असतात. ट्रान्सड्यूसर त्या बाजूला. डावीकडे पाती वर येतात, पाणी ढवळतात आणि बुडबुडे नेमके तोंडासमोर आणून सोडतात. पंख्यापासून किमान ३८ सेंमी अंतर ठेवा. इंजिन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. पंखा जिथवर पोहोचतो त्याच्या पलीकडे निदान ७५ मिमी जागा मोकळी राहायला हवी.

मग बसवायच्या जागेपासून नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) सरळ रेषेत बुडावरून हात फिरवा. वाटेत उठावाची पट्टी (वेगात बोट उचलली जावी म्हणून बुडावर असलेली लांब कड), रिव्हेटची रांग, पाणी खेचणारं तोंड किंवा वेगमापकाचं चाक लागलं तर ती जागा बाद. प्रत्येक अडथळ्यामागे फेसाचा पट्टा तयार होतो, आणि पाणी-हवेच्या सीमेवरून ध्वनी जवळजवळ सगळाच परत फिरतो. फेसाआडून तळ दिसणं अशक्य.

उंचीसाठी सरळ पट्टी बुडाला टेकवून मागे काढा. फायबरच्या बोटीत ट्रान्सड्यूसरचं तोंड त्या पातळीच्या ३ मिमी खाली, अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत १० मिमी खाली. स्क्रू थेट ट्रान्सममध्ये मारू नका. आधी १२ मिमी जाडीचा एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) तुकडा बसवा आणि त्यावर ब्रॅकेट लावा, म्हणजे पुढची सगळी खाली-वर त्या तुकड्यात होते, फळीची चाळण होत नाही.

तळठाव

असहमत. "आउटबोर्ड" ही अट घालून तुम्ही अर्धा प्रश्न आधीच बाजूला सारलात. कामाच्या कित्येक बोटींत डिझेल इंजिन आत असतं आणि पंखा ट्रान्समच्या पुढे, बुडाखाली. अशा बोटीत ट्रान्सम म्हणजे पंख्याच्या धारेचा शेवट. तिथे कितीही मोजून बसवा, बोट चालू लागली की स्क्रीनवर फक्त फेस. तिथे बुडातून आरपार बसवण्यालाच, थ्रू-हललाच, अर्थ आहे. आणि तोही पंख्याच्या पुढे.

पण पुढे म्हणजे किती, यात लोक गडबडतात. पाणी बाजूला सारत संथ चालणारी जड बोट असेल तर पाणरेषेवर नाळेपासून साधारण एक तृतीयांश लांबीवर, आणि कीलच्या (बुडाखालच्या मधल्या कण्याच्या) मध्यरेषेपासून १५ ते ३० सेंमी बाजूला. फार पुढे गेलात तर लाटेत नाळ उचलली की ट्रान्सड्यूसर हवेत येतो आणि नाळ आपटताना दाबली गेलेली हवा त्याच्यावरूनच मागे जाते. वेगात पाण्यावर उचलली जाणारी बोट असेल तर नेमकं उलट: जमेल तितकं मागे, मध्यरेषेजवळ आणि उठावाच्या पहिल्या पट्टीच्या आत. कारण वेगात बुडाचा तेवढाच भाग पाण्याला टेकून राहतो.

कीलची सावली पडेल ही भीती बऱ्याचदा फुकटची असते. कील ट्रान्सड्यूसरच्या तोंडापेक्षा ३० सेंमी खाली असेल आणि ५० किलोहर्ट्झच्या ध्वनीचा झोत ४५ अंशांचा, तर मध्यापासून दर बाजूला साडेबावीस अंश; म्हणजे साडेबारा सेंमी बाजूला सरकलात तरी मुख्य झोत मोकळा. वर सांगितलेलं १५ ते ३० सेंमीचं अंतर पुरतं.

फायबरमिस्त्री

दोघेही भोकावर भांडताय, पण भोक न पाडताही काम होतं. भरीव फायबरच्या बोटीत ट्रान्सड्यूसर आतून चिकटवा. बुडबुड्यांचा त्रास कमी, शेवाळ-शिंपल्यांचा प्रश्न नाही, ट्रेलरवर चढवताना तुटण्याची भीती नाही.

अट एकच आणि ती पक्की: त्या जागी बूड भरीव हवं. दोन थरांत फोम किंवा बाल्सा लाकूड असेल तर ध्वनी तिथेच जिरतो. लाकडाच्या आणि धातूच्या बोटीला हा मार्ग नाही.

चिकटवण्याआधी चाचणी घ्या. आधी ट्रान्सड्यूसर बोटीबाहेर पाण्यात धरा आणि कोणत्या सेन्सिटिव्हिटीला तळ कसा दिसतो ते टिपून ठेवा. मग पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून त्यात ट्रान्सड्यूसर ठेवा, हवा पूर्ण काढा, आतला पृष्ठभाग ओला करा आणि पिशवी ठरलेल्या जागी दाबून धरा. चित्र जवळपास तसंच राहिलं तर जागा चांगली. खूप फिकं पडलं तर हातभर सरकवून पुन्हा बघा. ही चाचणी नेहमीच्या मासेमारीच्या खोलीवर करा. धक्क्याला दोन मीटर पाण्यात सगळंच छान दिसतं.

पसंत पडली की ट्रान्सड्यूसरपेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन सेंमी जास्त भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पुसा, आणि सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी ओता. ट्रान्सड्यूसर एका कडेने टेकवून, फिरवत-फिरवत खाली दाबा म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. सिलिकॉन मात्र नको. त्यात बुडबुडे राहतात आणि ते मऊ असल्यामुळे ध्वनी खातं.

उधाण

फायबरमिस्त्री, पद्धत बरोबर आहे, पण किंमत काय मोजावी लागते तेही लिहा की. ध्वनी बुडातून जाताना एकदा आणि प्रतिध्वनी येताना पुन्हा, असा दोनदा घटतो. खोल पाण्यात विरळ मासे दिसायचे ते याच घटीत हरवतात. पाण्याचं तापमान मिळत नाही, बुडाचं मिळतं. आणि ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर चालणारं खालचं किंवा बाजूचं इमेजिंग (तळाचं फोटोसारखं बारीक चित्र) हवं असेल तर हा पर्याय सोडूनच द्या.

तळठाव, आत इंजिन असलेल्या बोटीचा मुद्दा मान्य. पण मोठा धोका तुम्ही टाळलात. जी बोट रोज वाळूवर ओढली जाते, रोलरवर चढते, तिच्या बुडाखाली ब्राँझचं बोंड बाहेर काढून ठेवणं म्हणजे ते कधी उखडेल याची वाट बघणं. नुसतं यंत्र गेलं तर ठीक, भोक मोठं झालं तर बोट पाणी घेते. ट्रान्समवरचं ब्रॅकेट लाकूड लागलं तर वर उडतं आणि पुन्हा खाली बसवता येतं.

तळठाव

वाळूवर ओढल्या जाणाऱ्या बोटीला बाहेर आलेला ट्रान्सड्यूसर नको, इथे वाद नाही. पण त्यावर बुडाशी समतल बसणारा, आतला एलिमेंट (ध्वनी सोडणारी चकती) तिरका असलेला प्रकार आहे. १२ आणि २० अंशांचे मिळतात. बुडाच्या उताराजवळचा घ्यायचा.

उताराला हलकं घेऊ नका. बूड १८ अंश तिरकं आणि ट्रान्सड्यूसर त्यालाच चिकटून सरळ बसवलेला, तर ३० मीटर पाण्यात झोताचा मध्य बोटीखाली नाही, जवळजवळ १० मीटर बाजूला पडतो. शिवाय तिरक्या तळावरून यावा तसा पसरट, कमजोर प्रतिध्वनी येतो. मासा दिसतो एकीकडे आणि जाळं पडतं दुसरीकडे.

साधा सरळ एलिमेंट वापरणार असाल तर तोंड आडव्या पातळीत आणायला फेअरिंग ब्लॉक, म्हणजे उतार भरून काढणारा पाचरीसारखा ठोकळा, लागतो. बोट पाण्यात जशी तरंगते तशी समतल उभी करून उतार मोजा, त्या कोनात ब्लॉक कापा, आणि कापलेला वरचा तुकडा आतून नटाखाली घाला म्हणजे नट सपाट बसतो. ३ मिमीचं मार्गदर्शक भोक आतून बाहेर पाडा, ड्रिल उभं धरून, बुडाला काटकोनात नव्हे. जागा बाहेरून तपासली, बरोबर असल्याची खात्री झाली, की मगच बाहेरून होल सॉ (मोठं गोल भोक पाडणारी करवत).

बुडात फोम असेल तर भोकाच्या भोवतीचा फोम कोरून काढा आणि इपॉक्सीने भरा, नाहीतर पाणी आतल्या आत पसरत जातं. लाकडाच्या बोटीत प्लास्टिकचा ट्रान्सड्यूसर नको; लाकूड फुगलं की त्याला तडा जातो. तिथे ब्राँझ. अ‍ॅल्युमिनियममध्ये ब्राँझ घातलं तर उलट बोटच गंजते. तिथे प्लास्टिक, किंवा इन्सुलेशनच्या बुशसह स्टेनलेस. समुद्री सीलंट दोन मिमी थराने लावा, आणि बोट पाण्यात उतरवल्यावर लगेच आत हात फिरवून बघा. मग पहिल्या दिवशी तीन-तीन तासांनी. बारीक गळती डोळ्यांना लगेच दिसत नाही.

वायरमन

जागा हलवायच्या आधी दोष जागेचाच आहे का ते बघा. लोक वायरिंगचा दोष पाण्यावर ढकलतात.

बोट बांधलेली असताना, न्यूट्रलमध्ये, इंजिनाची गती वाढवा. स्क्रीनवर ठिपके-रेघा गतीबरोबर वाढल्या तर तो विजेचा गोंगाट आहे, ट्रान्सड्यूसर कुठेही नेलात तरी राहणार. न्यूट्रलमध्ये स्क्रीन स्वच्छ, पण बोट धावू लागली की तळ हरवतो, तर ती फेसाची तक्रार. आणि इंजिन पूर्ण बंद करून वाहत जातानाही तळ फिका दिसत असेल तर आधी ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरचं शेवाळ काढा.

केबल कापू नका, जोडू नका. प्लग जाईल एवढं, साधारण २५ मिमीचं भोक ठेवा. इग्निशन आणि व्हीएचएफ रेडिओच्या तारांपासून लांब न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. उरलेली केबल इंजिनाच्या जनरेटरजवळ गुंडाळून ठेवणं हा तर ठरलेला प्रकार. तोंडाला अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग) लावायचं तर पाण्यावर आधारलेलं. कीटोनवालं प्लास्टिक खातं.

उधाण

वायरमन, एक भर घालतो. ट्रान्समवर वेगात तळ गेला तर बरेच जण ट्रान्सड्यूसर एकदम दोन-तीन सेंमी खाली करतात. मग त्याच्यामागे पाण्याचा तुरा उडायला लागतो आणि तुऱ्यामुळेच आणखी फेस. एका वेळी ३ मिमी खाली करा आणि मागची कड दोन-तीन अंश खाली झुकवून बघा. तुरा दिसला तर ३ मिमी वर घ्या. त्यातूनही साधलं नाही तर बाजूला सरकवा. आणखी खाली करण्यात अर्थ नाही.

फायबरमिस्त्री

आणि बाजूचं इमेजिंग हवं असेल तर उधाण, तुमच्या ट्रान्समवर इंजिनाचा पाय एका बाजूची सावली पाडतो. उजवीकडे बसवलात तर डावीकडचं चित्र अर्धं जातं. तेव्हा ३८ सेंमी बाजूला नेणंही पुरत नाही.

उधाण

अर्धं जातं, ते ट्रान्सड्यूसरचं तोंड आणि इंजिनाचा पाय एका आडव्या रेषेत असले तर. इंजिन वर उचलून बोट ट्रोलिंग मोटरवर (संथ चालवायच्या छोट्या विजेच्या मोटरवर) हळू चालवलीत, किंवा त्या मोटरवर दुसरा ट्रान्सड्यूसर लावलात, तर दोन्ही बाजू मोकळ्या. ट्रोलिंग मोटरवर लावताना केबल मोटरच्या दांड्याला घट्ट आवळू नका. मोटर फिरते तेवढी सैल कडी ठेवा, नाहीतर केबल आतून तुटते.

तळठाव

म्हणजे ट्रान्समवर एक आणि मोटरवर एक. दोन ट्रान्सड्यूसर, दोन केबली, दोन ठिकाणी सीलंट. माझ्या एका भोकाला एवढी नावं ठेवली, त्याचं काय झालं?