भरीत पार्टीत पडद्यावर कोणाला लावू? (स्टँडअपवरून घरात पैज लागलीय)

तापीकाठचा
मंडळी, मदत करा. डिसेंबरात यावलकडे आमच्या मळ्यात घरची भरीत पार्टी आहे. तीस-पस्तीस माणसं असतील. सगळ्यात लहान आठ वर्षांची पुतणी, सगळ्यात मोठे नाना, वय ७४, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर. यंदा चुलतभाऊ प्रोजेक्टर आणतोय. शेडच्या भिंतीवर चादर ताणायची आणि जेवण होईपर्यंत कोणाचं तरी स्टँडअप लावायचं, असं ठरलंय.
कोणाचं, ते काही ठरेना. मोठा चुलतभाऊ म्हणतो झाकीर खान, त्याच्यावर कोणी नाही. धाकटा इंजिनीअर आहे, तो म्हणतो अभिषेक उपमन्यू, बाकी सगळे गोष्टी सांगणारे. वहिनी म्हणते मराठीच लावा. शेवभाजीची पैज लागलीय: ज्याच्या माणसाला जास्त हशा, त्याचं बिल दुसरा भरणार. तुम्ही सांगा, सगळ्यात भारी कोण? आणि शिव्या कमी असतील तर बरं, नाना उठून जातात.

धुळेकर_सध्या_पुणे
झाकीर. विषय संपला. धुळ्याहून पुण्यापेक्षा इंदूर जवळ, त्यामुळे त्याची हिंदी आपल्याला परकी वाटतच नाही. २०१७ चा 'हक से सिंगल' बघ. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने हिंदीतून शो केला. इंदूरचा पोरगा तिथे जाऊन हिंदीत बोलतो, अजून काय पाहिजे?

भुसावळ_डाऊन_लाइन
न्यूयॉर्कला शो केला म्हणून यावलच्या मळ्यात चालेलच असं थोडंच आहे.
'सगळ्यात भारी कोण' हे एका वाक्यात सांगता येणार नाही, पण तुझ्या मळ्यापुरतं सांगता येईल. मी लग्नकार्यात साऊंड लावतो, त्यामुळे हे बघून बघून माहीत झालंय. उपमन्यू एका मिनिटात इतक्या गोष्टी कोंबतो की पहिल्या वाक्याला लोक हसत असतानाच दुसरं निघून जातं. कानात हेडफोन घालून एकटं ऐकायला तो माझ्या मते हिंदीत आज सगळ्यात हुशार. पण तीस माणसांत कोणी भाकरी मागतंय, कोणी ठेचा सरकवतंय, तिथे निम्मं वाया जाईल. झाकीर गोष्ट सांगतो. मध्ये दोन मिनिटं उठून गेलास, तरी परत येऊन 'काय झालं रे' विचारलं की धागा सापडतो. अनुभव सिंग बस्सीचंही तसंच, त्याची एक गोष्ट दहा-पंधरा मिनिटं चालते. पण बस्सीच्या तोंडी शिव्या आहेत, नाना उठतील.
आणि एक. उघड्यावर लावू नको. हसणं भिंतीवर आपटून परत कानावर यावं लागतं, तेव्हा शेजारचाही हसतो. शेतात ते वर आभाळात जातं. जमलं तर शेडच्या आत लाव, माणसं दाटीने बसव, दिवे बंद. चांगले क्लब लहान, बुटके आणि अंधारे असतात ते उगाच नाही.

मेहरूणची_बोरं
सगळे २०१५ नंतरचीच नावं घेताय. २००५ मध्ये टीव्हीवर 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' लागायचं तेव्हा आमच्या गल्लीत रस्ता रिकामा व्हायचा. पहिल्या पर्वात जिंकला विदर्भातला सुनील पाल, दुसरा अहसान कुरेशी, आणि राजू श्रीवास्तव तिसरा. तिसरा! आज लोकांच्या तोंडी कोण आहे ते तुम्हीच बघा. राजू लग्नातल्या पंगतीचं सांगायचा तेव्हा ताटातल्या पदार्थांनाही जीव फुटायचा. शिवी नाही, इंग्रजी नाही, आठ वर्षांच्या पोरीलाही कळतं. २०२२ मध्ये गेला बिचारा. नानांसाठी राजूच लावा.

धुळेकर_सध्या_पुणे
राजू म्हणजे मिमिक्री हो काका. स्टँडअप म्हणजे माणूस स्वतःचं काहीतरी बोलतो.

मेहरूणची_बोरं
काका कोणाला म्हणतोस रे? ४३ वर्षांचा आहे मी. आणि गजोधर हे त्याचं पात्र त्याने स्वतः बघितलेल्या माणसांतूनच उभं केलंय ना? स्वतःचं म्हणजे ब्रेकअपचंच पाहिजे का?

केळीच्या_बागेतली
एवढी नावं झाली, एक तरी बाई? उरूज अशफाकला २०२३ मध्ये एडिंबरोच्या कॉमेडी अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला, घरात कोणाला नाव माहीत नाही. हिंदीतच हवी तर प्रशस्ती सिंग बघा. नानांसमोर लावा असं म्हणत नाही, पण जेवणानंतर आम्ही बायका भांडी घासायच्या आत बसून बघू शकतो की नाही?
वीर दासला पण त्याच वर्षी इंटरनॅशनल एमी मिळाला, पण तो इंग्रजी. मळ्यात तो नको.

तापीकाठचा
ताई, भांडी यंदा पोरं घासणार, तेही ठरलंय. मराठीत कोण?

शेवभाजी_अन्_पाव
भाडिपाचं, म्हणजे यूट्यूबवरच्या 'भारतीय डिजिटल पार्टी'चं बघ. सारंग साठ्ये आणि मंदार भिडे, दोघेही मराठीत उभं राहून बोलतात. मला मंदार जास्त आवडतो. पण खरं सांगू, त्यातलं पुणे-मुंबईचं जग आपल्या नानांना लांबचं वाटेल. कोथरूडवरचा विनोद यावलला निम्म्या दरात जातो.
'हास्यजत्रा' सुचवू नका प्लीज. समीर चौघुले मला फार आवडतो, पण ते स्किट आहे, स्टँडअप नाही.
आणि एकट्याने रंगमंच धरणं ही काय क्लबवाल्यांची कल्पना नाही. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे बावन्न पात्रं करायचे, मराठवाडी बोलीत. नानांना ते नक्की माहीत असेल. विचार.

जिभाऊ_साक्रीना
भो, हाई बठ्ठं ठीक शे, पन आपली अहिराणीमा कोन शे? मालेगावना छोटू दादाले अख्खी दुनिया देखस, पन ते व्हिडिओ शेत, स्टेजवर उभा राहीसन बोलनारा कोन?

शेवभाजी_अन्_पाव
जिभाऊ, मोठं नाव मला सापडलं नाही. पण मी स्वतः एकदा प्रयत्न केलाय, कॉलेजच्या गॅदरिंगला, धुळ्यात, पाच मिनिटं. हात इतके थरथरत होते की माईकचा स्टँड टकटक वाजत होता आणि लोक त्यालाच हसले.
मग मी पुण्यातल्या घरमालकिणीचं सांगितलं. ती विचारते, "तुमच्याकडे जेवणात काय असतं?" मी म्हटलं, शेवभाजी. "म्हणजे शेव आणि भाजी?" नाही, शेवेची भाजी. "हो, पण भाजी कुठली?" शेव. "अरे, शेव कळली, भाजी कुठली?" इथपर्यंत मराठीत, लोक गालातल्या गालात. मग मी वडिलांना फोन लावल्यासारखं केलं आणि वडिलांच्या आवाजात म्हटलं, "तिले सांग भो, शेव हाईच भाजी शे!" हॉल फुटला. एक शिक्षक तर खुर्चीवरून वाकले.
दुसऱ्या वर्षी तेच उलटं केलं, सुरुवात अहिराणीत आणि शेवट मराठीत. कोणी हसलं नाही. पंच, म्हणजे शेवटचं हसवणारं वाक्य, घरच्या बोलीत पडला पाहिजे, एवढं मला कळलं. शेवटी निघताना मालकीण विचारते, "आणि भरीत कशाचं करता?" मी म्हटलं, शेवेचं. आधीचं असं परत आणलं की हशा फुकटात मिळतो, क्लबवाले त्याला कॉलबॅक म्हणतात.

जिभाऊ_साक्रीना
हासीसन पोट दुखनं भो. तूच ये ना मळामा.

भुसावळ_डाऊन_लाइन
विनोद चांगला आहे, पण माईकच्या स्टँडला खाली रबर लाव.

तापीकाठचा
पार्टी झाली, अहवाल देतो.
भुसावळवाल्या दादांचं ऐकलं नाही, चूक झाली. शेडमध्ये कपाशी भरून ठेवलेली, म्हणून उघड्यावरच लावलं. बाजूला वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांचा जाळ, वारा सगळा धूर पडद्याकडे नेतोय, त्यात झाकीर अर्धा दिसतोय. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग बडगीत भरीत कुटायला घेतलं आणि त्या ठकठकीत गोष्टीचा शेवट कोणालाच ऐकू आला नाही. मोठा चुलत उठून ओरडला, "अरे थांबा, आता येतोय!" आणि आलंच नाही.
मग राजूचा लग्नाचा व्हिडिओ लावला. पुतणी पाटावर लोळली. नाना हसले नाहीत, पण भाकरी हातातच राहिली आणि दोनदा म्हणाले, "मागं घे जरा." आमच्याकडे याहून मोठी दाद नाही. वऱ्हाडचं विचारलं तर म्हणाले, माहीत आहे, जळगावला पाहिलंय, मोबाइलवर नको.
उपमन्यू साडेदहाला लावला तेव्हा निम्मे निघून गेलेले. उघड्यावर थंडी वाजायला लागली म्हणून आम्ही सात जण शेडमध्ये कपाशीच्या गंजीवर चढून, एका घोंगडीत, मोबाइलवर बघत बसलो. वर पत्रा, दिवा बंद. इतकं हसलो की काकू बाहेरून विचारायला आल्या, साप निघाला का.
धाकटा म्हणतो, सगळ्यात जास्त हशा माझ्या माणसाला, पैज मी जिंकलो. मोठा म्हणतो, सात माणसांचा हशा मोजायचा नाही, पार्टी तीस जणांची होती. वहिनी म्हणते, दोघंही हरले, राजू जिंकला आणि त्याच्यावर पैज कोणीच लावली नव्हती, मेहरूणवाल्यांनी सुचवला, बिल त्यांना पाठवा.
शेवभाजी खाऊन झाली. पैसे सध्या मीच दिलेत.

मेहरूणची_बोरं
बिल नको, पत्ता पाठव. पुढच्या वर्षी मीच येतो.