नाशिकमधल्या मीटिंगबद्दल विचारायचं होतं

नमस्कार मंडळी,

खाली नाव घातलेलं नाही, समजून घ्या. गणपतीची वर्गणी आणि फराळाच्या ऑर्डरी चालतात त्या मंडळाच्या मेलिंग यादीवर हे लिहावं की नाही, यात दोन आठवडे गेले.

माझा मोठा भाऊ नाशिकला सिडकोत आईबरोबर राहतो. अंबडला कंपनीत होता, आता घरीच असतो. पितो. आधी शनिवारी, मग रोज, आता सकाळी हात थरथरतात म्हणून चहाच्याही आधी. आई फोनवर "बरं आहे सगळं" म्हणते आणि मागून भांडं पडल्याचा आवाज येतो. इथून भारतात, त्यातून नाशिकला, कुणी जाणार असलं की वायनरी बघायची कुठली, ते मलाच विचारतात. मी विषय बदलते.

डिसेंबरात तीन आठवडे जातेय. तिथे ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगा कुठे होतात, दादाचं नाव कुठे नोंदवायचं, फी किती? आणि मावशीने कुठूनशी एक पुडी आणलीय. भाजीत मिसळायची, कळत नाही म्हणे. द्यावी का?

*

हॉस्पिटलात ड्यूटीवर आहे, घाईत लिहिते. पुडी देऊ नका. अशा पुड्यांत डायसल्फिरम हे दारू सोडवण्याचं औषध असू शकतं. त्यावर दारू पोटात गेली की उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टर हे औषध देतात, पण पेशंटला सांगून, तपासून.

दुसरं जास्त महत्त्वाचं. सकाळी थरथर आहे म्हणजे शरीराला सवय जडलीय. तुम्ही पोचल्या दिवशी बाटल्या मोरीत ओतू नका. एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतात, भास होतात. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

*

ताई, मी या यादीवर नऊ वर्षं आहे आणि दारूशिवाय अकरा. मंडळात फार जणांना ठाऊक नाही, आता कळलं तर कळू दे.

नाव नोंदवता येत नाही, कारण नोंदणीच नाही. फीही नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला वाटेल तो टाकतो. बाहेरच्यांचा पैसा घेत नाहीत, तेव्हा डॉलर काढाल तर नको म्हणतील. अट एकच, दारू सोडायची इच्छा. ती दादाची हवी, तुमची नाही चालत.

ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर मीटिंगांची माहिती मिळते, पण तेवढ्यावर रिक्षा करू नका. जागा बऱ्याचदा शाळेचा वर्ग नाहीतर चर्चची खोली, ती बदलू शकते. आधी फोन करून विचारा: आज आहे ना, मराठीत आहे ना, ओपन आहे का. क्लोज्ड मीटिंगला फक्त आम्ही दारुडे, ओपनला घरचेही चालतात. आणि सिडकोबाहेरची शोधा. गल्लीतल्या मीटिंगला तो येणार नाही. मी मूळचा नाशिकरोडचा. सुट्टीत गेलो तेव्हा मुद्दाम नदीपलीकडे पंचवटीत गेलो, तर दारातच शाळेतला मित्र! "तू इथे कसा?" दोघांच्याही ओठांवर होतं. कुणीच विचारलं नाही.

इथे चर्चच्या तळघरात मी वर्षभर इंग्रजीत "अल्कोहोलिक आहे" म्हणत होतो, बिनदिक्कत. तिथे मराठीत "मी दारुडा" म्हणताना जीभ वळेना. मला तरी तिथूनच खरी सुरुवात वाटते.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघे पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे निघालं. आजही रीत तीच. दादाने हो म्हटलं तर फोनवर सांगा, दोघं जण घरी येऊन त्याच्याशी बोलतील. लपवून बोलावू नका.

तुमच्या आणि आईंसाठी, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी, अल-अनॉन आहे, त्या दलालाच्या बायकोने १९५१ मध्ये मैत्रिणीबरोबर सुरू केलेलं. दादा दाखल व्हायला तयार झाला तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासून आहे. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ आणि नशामुक्तीचा १४४४६, हे नंबर आईंनाच तिथून लावायला सांगा.

*

जानेवारी. उशिरा लिहितेय.

दादा मीटिंगला आला नाही. डॉक्टरकडे आला, गोळ्या चार दिवस घेतल्या, पाचव्या दिवशी नाही. ओपन मीटिंगला मी आणि आई गेलो. पहिलीचा वर्ग, बुटके बाक, फळ्यावर दोनाचा पाढा. एक जण उठून म्हणाला, "आज चाळीस दिवस." टाळ्या वाजल्या. आईला विचारलं, बोलायचंय का? तिने मान हलवली. परत येताना रिक्षात मात्र पाटल्यांचं बोलली. मला माहीतच नव्हतं त्या विकल्यात.

निघायच्या आदल्या रात्री दादाने विचारलं, "तिथे चहा कोण करतं?"

आई आता दर मंगळवारी एकटीच जाते. मीटिंग साडेआठला सुटते, परतीला रिक्षावाले सिडकोला यायला कुरकुरतात. कुणाच्या ओळखीत खात्रीचा रिक्षावाला असेल तर मला वेगळं लिहा.