निरीक्षण, नोंद, विदासंच, पुनर्विश्लेषण : कुठला शब्द कुठे?

प्रश्न

हवामान आणि समुद्र यांच्या जुन्या निरीक्षणांचे मोठे साठे संशोधकांसाठी खुले असतात. अशा एका साठ्याची वापर-पुस्तिका मराठीत आणायचं काम सध्या माझ्याकडे आहे आणि काही शब्दांशी अडलो आहे. 'डेटासेट'ला विदासंच म्हणावं की आधारसामग्री? 'ऑब्झर्वेशन' म्हणजे निरीक्षण, नोंद की वेध? 'आर्काइव्ह'ला अभिलेखागार चालेल का? आणि 'रीअ‍ॅनालिसिस'ला मी पुनर्विश्लेषण लिहिलं, तर ज्यांना मसुदा वाचायला दिला त्यांचा समज झाला की आधीचं विश्लेषण चुकलं होतं म्हणून पुन्हा केलं. नुसता प्रतिशब्द नको, तो कसा वापरायचा तेही सांगा.

प्रतिसाद

आधारसामग्री हा परिभाषेतला जुना शब्द, पण वाक्यात जड जातो. 'दैनिक पर्जन्य आधारसामग्री संच' तीनदा लिहून बघा. विदा सुटसुटीत आहे. अडचण एवढीच की कुणी 'विदा मिळाला' लिहितं, कुणी 'विदा मिळाली'. एक लिंग धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मी पुल्लिंगी वापरतो, कारण बोलताना तोंडात 'डेटा मिळाला' असतं. 'डेटा' तसाच ठेवलात तरी कुणाचं अडणार नाही.

प्रतिसाद

माझं रोजचं काम याच आकड्यांत चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निरीक्षण. या शब्दाला मराठीत बरीच कामं करावी लागतात. शाळेतलं मूल झाडाचं निरीक्षण करतं, न्यायालय निरीक्षण नोंदवतं (तिथे त्याचा अर्थ मत असा असतो), आणि परीक्षेच्या खोलीत निरीक्षक फिरतात. वेध नेमका आहे, त्यात रोख आहे, वेधशाळा त्यातूनच आली. पण 'तापमानाचे वेध' म्हटलं की वाचकाला पुढच्या तापमानाची चाहूल वाटेल, कारण आपल्याला पावसाचे वेध लागतात. म्हणून निरीक्षणच ठेवा, फक्त क्रियेसाठी ठेवा. कुणीतरी उभं राहून पारा वाचला, ते निरीक्षण. त्यातून कागदावर जे उरलं, ती नोंद. साठ्यात निरीक्षणं नसतात, नोंदी असतात. हा भेद पुस्तिकेत सुटला तर वाचक फसतो, तो कसा ते सांगतो.

समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान जहाजावरून कसं घेत? कॅनव्हासची बादली दोरीने समुद्रात सोडायची, भरून वर ओढायची, डेकवर ठेवायची आणि तिच्यात तापमापक बुडवायचा. बादली वर येईपर्यंत आणि पारा स्थिरावेपर्यंत वारा तिच्यावरून वाहत असतो. ओल्या कापडातून पाणी उडून जातं, बादली थंड होते, आणि वहीत लिहिलेला आकडा समुद्रापेक्षा थोडा कमी येतो. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान वाचायची पद्धत आली. तिथे आकडा थोडा चढा येतो. वहीतला रकाना मात्र दोन्हीकडे एकच : समुद्राचं तापमान.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साठ्यात आलेल्या नोंदी मुख्यतः अमेरिकी जहाजांच्या होत्या आणि त्या इंजिनाच्या पाण्याच्या होत्या. युद्ध संपताच बादली वापरणाऱ्या ब्रिटिश जहाजांच्या नोंदी पुन्हा मोठ्या संख्येने येऊ लागल्या. परिणामी १९४५च्या ऑगस्टनंतर जगभरच्या समुद्राचं सरासरी तापमान सुमारे ०.३ अंशांनी एकदम उतरलेलं दिसतं. समुद्र थंड झाला नव्हता, मोजायची रीत बदलली होती. हे नीट उलगडलं २००८ साली. इतकी वर्षं ती उतरंड आलेखात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

म्हणून 'मेटाडेटा'साठी नुसतं अधिविदा लिहून पुढे जाऊ नका. तो शब्द बरोबर आहे, पण त्यातून काहीच दिसत नाही. पहिल्यांदा येईल तिथे 'नोंदीचा तपशील : कोणी, कशाने, कुठे, किती उंचीवर मोजलं' असं फोडून लिहा.

या जुन्या वह्या एकत्र वाचता येतात त्यामागे १८५३ची ब्रसेल्सची परिषद आहे. अमेरिकी नौदलातले मॅथ्यू मॉरी यांनी त्यासाठी खटपट केली आणि निरनिराळ्या देशांच्या जहाजांनी एकाच आखणीच्या वहीत हवा आणि समुद्र लिहावा असं तिथे ठरलं. त्याआधीच्याही नोंदी साठ्यात आहेत. आयकोॲड्स या सागरी विदासंचातली सर्वांत जुनी नोंद १६६२ची आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी डोलत्या जहाजावर वारा लिहून ठेवला आणि तो आज गणितात येतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता 'रॉ डेटा'. सगळे 'कच्चा विदा' लिहितात. पण कच्चा म्हटलं की उणेपणा येतो, गणितात कच्चा तसा. हिशेबाच्या भाषेत आपल्याकडे याहून चांगली जोडी आहे : रोजकीर्द आणि खतावणी. ज्या दिवशी व्यवहार झाला त्या दिवशी कीर्दीत लिहायचा, मग तो खात्यावर चढवायचा. खतावणी कितीही नीटनेटकी असली तरी शंका आली की कीर्दच उघडतात. स्थानकावरची किंवा जहाजावरची नोंद ही कीर्द. त्यातून नकाशावर चौकटी पाडून, सरासऱ्या काढून केलेला संच ही खतावणी. हे शब्द पुस्तिकेत घाला असं म्हणत नाही, पण समजावताना ही उपमा वापरा. पुस्तिकेत 'मूळ नोंदी' आणि 'संस्कारित संच' लिहा.

प्रतिसाद

कीर्द-खतावणी पटलं. पण आर्काइव्हचं राहिलं. दप्तर का नको? चांगला रुळलेला शब्द आहे.

प्रतिसाद

(कीर्द-खतावणी सुचवणारा, पुढे)

दप्तर मलाही आवडतो. पण 'दप्तरी दाखल' म्हणजे विषय संपला, कागद आता कुणी बघणार नाही. अभिलेखागार म्हटलं की बांधलेले रुमाल आणि परवानगीचा अर्ज डोळ्यांपुढे येतो. हवामानाचा साठा याच्या नेमका उलट असतो. त्यात रोज भर पडते, जुन्या नोंदी दुरुस्त होतात, नव्या आवृत्त्या निघतात. मी 'विदासंग्रह' वापरतो, आणि 'आर्काइव्ह्ड' असेल तिथे 'जतन केलेला'. त्यासोबत आवृत्ती क्रमांक आणि उतरवून घेतल्याची तारीख लिहायला पुस्तिकेत जरूर सांगा. नाव तेच राहतं, आतले आकडे बदललेले असतात.

पुनर्विश्लेषणाबद्दल. तुमच्या वाचकांचा समज झाला तो 'फेर'मुळे होतो तसा : फेरतपासणी, फेरमतदान, फेरविचार. तिथे आधीच्यावर अविश्वास असतो. पण पुनर्मुद्रण म्हटल्यावर पहिली छपाई चुकली असं कुणाला वाटत नाही. त्यामुळे शब्द टाकू नका, फेरविश्लेषण तेवढं टाळा.

मात्र अर्थ सांगावाच लागेल. हवामानशास्त्रात विश्लेषण म्हणजे एका ठरावीक वेळचं वातावरणाचं पूर्ण चित्र. हाती आलेल्या नोंदी आणि संगणकी प्रारूपाचा (मॉडेलचा) थोड्या तासांचा अंदाज, दोन्ही एकमेकांशी ताडून ते काढतात. रोजच्या अंदाजासाठी ही चित्रं निघतच असतात, पण प्रारूप दर काही वर्षांनी सुधारतं. मग जुनी चित्रं एकापुढे एक लावली की प्रारूप बदललं तिथे उडी दिसते आणि ती हवामानाची उडी वाटते. म्हणून एकच प्रारूप आणि एकच पद्धत घेऊन सगळ्या जुन्या नोंदी पहिल्यापासून त्यातून काढायच्या, हे पुनर्विश्लेषण. १९९६ साली प्रसिद्ध झालेलं एनसेप-एनकार या अमेरिकी संस्थांचं काम १९४८पर्यंत मागे जातं. युरोपीय हवामान अंदाज केंद्राचं ईआरए-५ हे पुनर्विश्लेषण १९४०पासूनचं आहे, दर तासाचं, सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकटींचं.

आणि इथे माझा आग्रह आहे. त्या चौकटींत एकही रिकामी नसते. १९४०च्या दक्षिण महासागरात मैलोन् मैल जहाज नव्हतं, तरी तिथलं वाऱ्याचं मूल्य तासागणिक हजर असतं. ते प्रारूपाने दिलेलं असतं. फार उपयोगाचं असतं, मी रोज वापरतो. पण त्याला 'निरीक्षण' म्हणू नका. 'निरीक्षणांवर आधारलेलं' म्हणा. मसुद्यात 'पुनर्विश्लेषणाची निरीक्षणं' असं कुठे आलं असेल तर ते आधी काढा.

प्रश्नकर्ता

आलं आहे, दोन ठिकाणी. काढतो. आणखी दोन शब्द विचारतो. 'मिसिंग व्हॅल्यू'ला मी 'हरवलेले मूल्य' लिहिलं आहे. आणि आर्गोच्या तरंगकांच्या (समुद्रात सोडलेल्या, आपोआप मोजणाऱ्या यंत्रांच्या) प्रकरणात 'डिलेड मोड' म्हणजे 'विलंबित विदा' केलं आहे.

प्रतिसाद

विलंबित नको, त्यात कुणाची तरी दिरंगाई ऐकू येते. आर्गोचा तरंगक साधारण १,००० मीटर खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना तापमान आणि क्षारता मोजत येतो. पृष्ठभागावर आला की आकडे उपग्रहाकडे जातात आणि यंत्राने जुजबी तपासून लगेच खुले होतात. पुढे तज्ज्ञ तेच आकडे सावकाश पारखतात, संवेदकात (सेन्सरमध्ये) कालांतराने आलेला फरक काढून टाकतात. पहिला 'तात्काळ विदा', दुसरा 'पारखलेला विदा'. उशीर मुद्दाम, पारखण्यासाठी असतो, तेव्हा शब्दात पारखणंच यावं.

हरवलेलं मूल्यही नको. हरवायला आधी असावं लागतं. इथे बऱ्याचदा कुणी मोजलेलंच नसतं. स्थानकांच्या दैनिक तापमानाच्या एका जागतिक संचात अंश दशांशात लिहितात, म्हणजे २५३ म्हणजे २५.३ अंश, आणि मोजणी नसेल तिथे -९९९९. समजा चार दिवस असे आहेत : २५३, २६१, -९९९९, २४८. खूण न ओळखता सरासरी काढली तर जवळजवळ उणे २३१ अंश येते, ओळखून काढली तर २५.४. पहिली निदान विचित्र तरी दिसते. शेकडो दिवसांच्या सरासरीत अशी एखादीच खूण मिसळली की आकडा थोडासाच घसरतो आणि पटकन लक्षात येत नाही. शिकताना मी यात पूर्ण आठवडा घालवला आहे.

सरळ 'नोंद नाही' लिहा. पावसाच्या प्रकरणात तर हे फारच जपा. तिथे शून्यही असतो आणि -९९९९ही. कचेरीतला 'निरंक' शब्द शून्याला चपखल बसतो : माणूस पर्जन्यमापकापाशी गेला, आत पाहिलं, पाणी नव्हतं, तसं लिहिलं. ते निरीक्षण झालं. -९९९९ म्हणजे त्या दिवशी पाहिलंच नाही, किंवा पाहिलेलं आपल्यापर्यंत पोचलं नाही.

प्रश्नकर्ता

पावसाच्या तक्त्यात मी दोन्हीकडे 'निरंक' लिहिलं होतं. आत्ता बदलायला घेतलं.