आयपीएल-आयएसएलच्या खेळाडूंना कंपनीसारखा वेतन करार का नाही?

कोपरखैरणेकर
टीटीसीतल्या, म्हणजे नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या, कुठल्याही बऱ्या कंपनीत वेतन कराराची मुदत संपली की युनियन मागणीपत्र देते, चार-सहा बैठका होतात आणि तीन-चार वर्षांच्या करारावर सह्या होतात. अमेरिकेत कोट्यवधी कमावणारे खेळाडूसुद्धा हेच करतात. मग नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळणाऱ्यांच्या वतीने वाटाघाटीला कोण बसतं? अमेरिकेतल्या करारात नेमकं काय ठरतं? आणि आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग) फुटबॉल क्लबने दोन महिने पगार दिला नाही तर खेळाडूने काय करायचं?

पारसिक_हिल
आपल्याकडे वाटाघाटीला कोणीच बसत नाही. क्रिकेट मंडळाच्या सुधारणेसाठी सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन आली, पण ती निवृत्त खेळाडूंची. आज खेळणारे तिचे सदस्य नाहीत. आयपीएलचा करार खेळाडू, फ्रँचायझी आणि बीसीसीआय असा त्रिपक्षीय असतो. मसुदा छापील, खेळाडूने सही करायची.

अमेरिकेत पगारमर्यादा आणि ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची क्लबांमध्ये वाटणी) टिकतात ते तिथे युनियन आहे म्हणूनच, हे इथे फार कमी लोकांना ठाऊक असतं. सगळ्या क्लबांनी मिळून पगाराला कमाल मर्यादा घालणं हा एरवी स्पर्धा कायद्याचा भंग ठरतो. युनियनशी खरीखुरी वाटाघाट करून ते ठरलं असेल तरच सूट मिळते. १९७६ च्या मॅकी खटल्यात एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग इथेच हरली. म्हणून २०११ मध्ये एनएफएल आणि एनबीए या बास्केटबॉल लीगच्या खेळाडूंनी टाळेबंदीच्या वादात आपली युनियनच कागदोपत्री मोडली. युनियन नाही म्हटल्यावर सूट नाही, आणि मालकांवर दावा लावता येतो.

करारात पगाराच्या आकड्याआधी 'उत्पन्न' या शब्दाची व्याख्या ठरते. पार्किंग, मैदानाचं नाव विकून आलेले पैसे, जर्सीवरची जाहिरात यातलं काय मोजायचं यावरच खरी लढाई होते. एनबीएत खेळाडूंचा वाटा ४९ ते ५१ टक्क्यांच्या मध्ये असतो. प्रत्येक पगारातून १० टक्क्यांपर्यंत रक्कम वेगळ्या खात्यात अडकवून ठेवतात. हंगाम संपल्यावर हिशेब तपासतात. एकूण पगार ठरलेल्या वाट्याच्या वर गेला असेल तर फरक मालकांकडे जातो, नाहीतर पैसे खेळाडूंना परत मिळतात. हिशेब तपासायचा हक्क युनियनकडे असतो, आणि तो नसेल तर टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

मासुंदा_काठ
आयपीएलचं गणित मांडून बघा. २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, आराखड्यात ४१० सामने. म्हणजे सामन्यामागे साधारण ११८ कोटी. २०२५ चे ७४ सामने धरले तर सुमारे ८,७३० कोटी. त्या वर्षी एका संघाची एकूण पगारमर्यादा १४६ कोटी होती. त्यात लिलावाचे १२० कोटी, सामन्याचं मानधन आणि कामगिरीवरची रक्कम सगळं आलं. १० संघांचे १,४६० कोटी होतात. नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशाशी तुलना केली तरी हा वाटा १७ टक्क्यांच्या आत, आणि प्रायोजक नि तिकिटं यात धरलेलीच नाहीत.

सामन्यामागे साडेसात लाखांचं मानधन २०२५ पासून सुरू झालं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते बोर्डाने जाहीर केलं, करारातून मिळालं नाही. जे जाहीर करून मिळतं ते जाहीर करून काढूनही घेता येतं.

ऑस्ट्रेलियात ३० जून २०१७ ला करार संपला तेव्हा मंडळाला महसुलातला वाटा मोडायचा होता. सुमारे २३० क्रिकेटपटू महिनाभर बिनकराराचे राहिले, ऑस्ट्रेलिया 'अ' चा दक्षिण आफ्रिका दौरा रद्द झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला तडजोड झाली ती वाटा राखूनच. बड्या खेळाडूंनी आपापला वेगळा करार करायला नकार दिला, म्हणून हे जमलं.

कोपरखैरणेकर
मग इथे युनियन नोंदवायला अडचण काय? नोंदणीला तर सात जण पुरतात.

ऐरोली_नाका
सात जणांनी अर्ज करता येतो, पण आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यातली कमी असेल ती संख्या सदस्य हवी. तेही जमेल. अडतं मान्यतेपाशी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून जास्त युनियन असतील तर, एकट्याने वाटाघाट करायला ५१ टक्के कामगार पाठीशी लागतात. 'कामगार' या व्याख्येत पत्रकार आणि विक्री प्रतिनिधी नावानिशी घातलेत, खेळाडू नाही. तो वाद आधी कोर्टात लढावा लागेल.

दुसरं, एका फ्रँचायझीत जास्तीत जास्त २५ खेळाडू, आणि मोठा लिलाव झाला की निम्मा संघ बदलतो. आज ज्याची सही घेतली तो पुढच्या वर्षी दुसऱ्या मालकाकडे. म्हणूनच एकेका संघाची वेगळी युनियन टिकणार नाही. एनबीएत ३० क्लब एक मालक म्हणून बसतात आणि समोर सगळ्या लीगची एक युनियन असते. तशी रचना मालकांनी मान्य केल्याशिवाय इथे काही हलणार नाही.

आणि टीटीसीतल्या कामगाराशी तुलना जपून करा. त्याची नोकरी २५-३० वर्षांची, संपात बुडालेला महिना तो पुढे भरून काढतो. खेळाडूची कारकीर्द पाच-सात वर्षांची. २०११ मध्ये एनबीएची टाळेबंदी १६१ दिवस चालली, ८२ सामन्यांचा हंगाम ६६ वर आला आणि खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून ५० च्या आसपास घसरला. आधी निधी साठवला नसेल तर पहिला पगार चुकला की एकजूट फुटायला लागते.

पारसिक_हिल
थकलेल्या पगाराचं राहिलंच. फिफाच्या खेळाडू हस्तांतर नियमांत कलम १४ बिस (बिस म्हणजे मागाहून जोडलेलं कलम) आहे: दोन महिन्यांचे पगार थकले तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवस द्यायचे, तरीही पूर्ण पैसे आले नाहीत तर करार मोडायला न्याय्य कारण मिळतं. १२ बिस वेगळं. त्यात रक्कम ३० दिवसांहून जास्त थकलेली हवी आणि नोटीस किमान १० दिवसांची. त्याने करार मोडत नाही, क्लबवर कारवाई मागता येते, अगदी नव्या खेळाडूंची नोंदणी बंद होईपर्यंत.

भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब असेल तर प्रकरण एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघ) प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे जातं. म्हणून आधी आपल्या करारातलं वाद-निवारणाचं कलम आणि मुदतीचे दिवस वाचा.

नोटिशीत तक्ता हवाच: महिना, देय तारीख, ठरलेली रक्कम, टीडीएस, आलेली रक्कम, बाकी. खाली बँक तपशील आणि मुदतीची शेवटची तारीख आकड्यात. करारात लिहिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर पाठवा. मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅप केला म्हणजे नोटीस दिली असं धरून चालू नका. बोनसचा वाद त्यात मिसळू नका, रक्कम चुकली की क्लब तेवढ्यावरच अडून बसतो. चौदाव्या दिवशी अर्धे पैसे आले तर 'थकबाकीपोटी आंशिक' असं त्याच दिवशी लेखी कळवा. मुदत संपेपर्यंत सराव सोडायचा नाही, सोडलात तर करारभंग तुमच्या माथी. 'आता काही बाकी नाही' अशा ओळीचं पत्र सहीसाठी पुढे आलं, तर पैसे खात्यात दिसल्याशिवाय पेन उचलू नका.

मासुंदा_काठ
एक भर. २०२५ च्या जुलैत आयएसएल अडकली तेव्हा काही क्लबांनी पगारच स्थगित केले. एफपीएआय ही फुटबॉल खेळाडूंची संघटना २००६ पासून आहे, फिफप्रो या त्यांच्या जागतिक संघटनेची सदस्यही आहे, पण क्लबांशी सामूहिक करार नाही. हंगामच झाला नाही तर पगार किती आणि किती दिवस, हे सगळ्या क्लबांना बांधणारं कलम नव्हतं. मागणीपत्र कधी तयार झालंच तर त्यात हे पहिलं कलम असायला हवं.