देवबागला कार्ली नदी समुद्राला मिळते तो संगम बघायचाय, कुठल्या बाजूने आणि किती वाजता जावं?

भटकंती_पुणे
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालवणला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, दोन मुलं (७ आणि ११ वर्षं) आणि माझी आई. आईचे गुडघे दुखतात पण तिला समुद्र फार आवडतो. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली वगैरे माहितीये, पण मला मुख्य बघायचाय तो देवबागचा संगम, म्हणजे एकीकडून कार्ली नदी येते आणि समोर अरबी समुद्र. व्हिडिओत बघितलं तर एकात मधे मोठं पांढरं वाळूचं बेट दिसतंय आणि दुसऱ्यात तिथेच लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे आहेत, बेट गायब! नक्की काय प्रकार आहे? देवबागमधे राहावं की पलीकडे भोगव्याला? मुलांना संगमावर पाण्यात सोडलं तर चालेल का? आणि पुण्याहून कुठल्या घाटाने यावं तेही सांगा प्लीज.

खाडीकाठचो
येवा येवा, आमचो गाव बघूक येतास ह्याचो आनंद आसा. आमच्या घराच्या एका बाजूक दर्या आणि दुसऱ्या बाजूक खाडी, मधी माड नि एक रस्तो, बस, तेवढोच देवबाग.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. दोन्ही व्हिडिओ खरे आहेत, फक्त एक ओहोटीला काढलाय आणि एक भरतीला. ते बेट म्हणजे खाडीच्या मुखातला वाळूचा पट्टा. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं इथे सगळे सांगतात म्हणून नाव त्सुनामी आयलंड. ओहोटीला वाळू उघडी पडते, भरती चढली की वर पाणी येतं. त्यामुळे संगमावर कधी जायचं हे घड्याळ ठरवत नाही, भरती ठरवते. लोक हॉटेलचा चेकआऊट, जेवण, किल्ला सगळं बसवतात आणि उरलेल्या वेळात संगम बघायला येतात, मग भर दुपारी भरतीच्या पाण्यात अर्धा तास उभं राहून परत जातात आणि म्हणतात काय विशेष नव्हतं. ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तीच जागा चार तास आधी बघितली असती तर माणूस हललाच नसता.

आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. म्हणजे पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार, तर भरती पावणेचारच्या आसपास पूर्ण, आणि ओहोटी साधारण सहा तास आधी, पावणेदहाच्या सुमाराला. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराला ओहोटी. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकतं. पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही, त्यामुळे वाळू सगळ्यात जास्त उघडी दिसते ती तेव्हाच. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. हा हिशोब ढोबळ आहे, मोबाईलवर मालवणची भरतीची वेळ बघून घ्या आणि होडीवाल्याला विचारा, त्याला तोंडपाठ असते. शेवटच्या आठवड्यातली तिथी कॅलेंडरवर बघा आणि मगच बाकीचं प्लॅनिंग करा.

सह्याद्री_ते_सागर
मुलांना पाण्यात सोडण्याबद्दल मी थोडं सविस्तर लिहितो कारण ह्यावर कोणी नीट सांगत नाही. संगमाच्या टोकाला पोहू नका. मुलांनाही नाही आणि तुम्हीही नाही. वरून पाणी शांत, हिरवंगार दिसतं आणि तिथेच फसायला होतं. भरतीत सहा तास खाडी आतपर्यंत भरत जाते, पार वालावल-नेरूरपारच्या दिशेने, आणि ओहोटीला ते सगळं पाणी, वर नदीचं स्वतःचं पाणी, एवढ्याशा मुखातून बाहेर पडतं. ओहोटीच्या सुरुवातीला ओढ कमी असते, मधल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त आणि शेवटी परत मंदावते. शिवाय तळ सारखा नसतो, वाळू दर पावसाळ्यात सरकते, एका पावलावर घोटाभर पाणी आणि पुढच्या पावलावर तळच लागत नाही. आत येणारी लाट आणि बाहेर जाणारा प्रवाह समोरासमोर आले की लाट उभी राहून फुटते, बोटीतून जाताना बघा, पांढरी रेघ दिसते ती.

मुलांना खेळायचं असेल तर तारकर्लीचा किनारा आहे ना, तिथे सुद्धा गुडघाभरच आणि स्थानिक माणसाला विचारून. त्सुनामी आयलंडवर ओहोटी पूर्ण झाल्यावर जे उथळ पाणी असतं त्यात बसतील मजेत, पण भरती लागली की बोटवाल्याने निघा म्हटल्यावर निघायचं, पाच मिनिटं फोटो काढू म्हणून थांबायचं नाही.

आणि लाइफ जॅकेट. मुलांच्या मापाचं मागा, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली राहतं. नसेल तर दुसरी बोट बघा. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबा करून परत येणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले होते, तेव्हा सीझनची अखेर होती आणि समुद्र खवळलेला. डिसेंबरमधे समुद्र शांत असतो हे खरं, पण बोटीत माणसं किती भरलीत ते स्वतः मोजा, लाजू नका.

परुळेकरीण
मी पलीकडच्या बाजूची, म्हणून भोगव्याची बाजू घेणार 🙂 संगम देवबागमधे असतो पण *दिसतो* भोगव्याहून. भोगव्याला उतरायच्या आधी डोंगरावरून बघा, डावीकडे उघडा समुद्र, उजवीकडून वळत येणारी कार्ली, आणि दोघांच्या मधे देवबागची ती निमुळती जमीन, वर नुसते माड. तिथे उभं राहिलं की कळतं ही जमीन नदीने आणि समुद्राने मिळून वाळू टाकून टाकून बनवलीये. आणि समुद्र ती परत मागतोय हेही दिसतं, देवबागला समुद्राच्या बाजूला दगडांचे बंधारे घातलेत ते त्यासाठीच, पावसाळ्यात उधाणाला तिथल्या लोकांना झोप नसते. त्या गावात दोन दिवस राहणार असाल तर एवढं माहीत असू द्या, आणि बंधाऱ्यावर बाटल्या टाकू नका.

सकाळी या वरती, सूर्य पाठीमागे असतो त्यामुळे पाण्याचे रंग वेगवेगळे दिसतात, नदीचं हिरवट आणि समुद्राचं निळं. थंडीत वाळूवर सीगलचे थवेच्या थवे बसलेले असतात, मुलांना सांगा त्यांच्यामागे धावून उडवू नका, ते लांबून येतात आणि त्यांना विश्रांती हवी असते. निवतीच्या खडकांकडे होडी गेली तर डॉल्फिन दिसतात बऱ्याचदा, पण दिसतीलच असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, आणि इंजिन त्यांच्या अंगावर घालणारी होडी नको.

फक्त एक, रस्त्याने देवबाग-भोगवे लांबचा वळसा आहे, समोर दिसतं म्हणून पंधरा मिनिटांत पोचू असं समजू नका. एक दिवस राखून ठेवा.

भटकंती_पुणे
बापरे किती छान माहिती, सगळ्यांचे आभार. तिथीचा हिशोब आईला सांगितला तर ती म्हणाली कालनिर्णय आण इकडे 😀 आता दोन शंका. आई होडीत चढू शकेल का? आणि रस्ता राहिलाच.

सह्याद्री_ते_सागर
रस्ता: पुणे-कोल्हापूर हायवे, मग राधानगरी-दाजीपूरवरून फोंडाघाट उतरून कणकवली, तिथून कसाल आणि कट्टा करत मालवण. घाट दिवसाउजेडी उतरा. रेल्वेने आलात तर कुडाळ सोयीचं. पुढे मालवणातून तारकर्ली आणि तोच रस्ता सरळ देवबाग.

खाडीकाठचो
आईंसाठी सांगतो. होडीत समुद्राच्या बाजूने चढायचं नाही, खाडीच्या बाजूने चढायचं, तिथे लाटा नसतात. पण पूर्ण ओहोटीला होडी काठापासून लांब राहते आणि चिखल-पाण्यातून चालावं लागतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जड जाईल. म्हणून ओहोटी पूर्ण व्हायच्या दीड-दोन तास आधी निघा, काठाला पाणी असतं, होडी जवळ लागते. छोटं स्टूल घेऊन या किंवा आधीच सांगून ठेवा, कोणीही देईल. बेटावर उतरायचा आग्रह नको, त्यांना होडीतच बसू दे आणि होडीवाल्याला सांगा की टोकाकडे न जाता आधी खाडीत आतल्या बाजूला फिरव, दोन्ही काठ माडांचे आहेत, पाणी एकदम स्थिर. मुलं बेटावर खेळतील तोवर आईंची फेरी होईल. येताना तुमचं पाणी चढत असेल, उतरायला सोपं.

आणि राहायला देवबागलाच घरगुती ठिकाण बघा, खाडीच्या बाजूचं. जेवण सकाळीच सांगून ठेवायचं, मासे जे मिळतील ते, ठरवून सुरमईच पाहिजे असं करू नका, ताजो बांगडो मिळालो तर तोच खावा. पहाटे कुठे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर मुलांना घेऊन जा, दोर धरायला लावतील, पण जाळं पूर्ण बाहेर येईपर्यंत मधे जायचं नाही. तिथी कळली की इथे लिहा, कुठल्या दिवशी किती वाजता निघायचं ते मी काढून देतंय.