'उंच माझा झोका'चा जुना भाग अधिकृतपणे कुठे पाहता येईल?

प्रश्न: माझी भाची अकरा वर्षांची आहे आणि पुस्तकांना फार घाबरते. रमाबाई रानडे यांच्या जीवनावरच्या या मालिकेत, लग्न होऊन पुण्यात आलेल्या रमाला तिचे पती माधवराव (न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे) अक्षरओळख करून देतात, तो भाग तिला दाखवायचाच आहे. टेलिग्रामच्या लिंक नकोत. ज्यांनी मेहनतीने मालिका केली, त्यांना त्याचा मोबदला मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

उत्तर १: ताई, मालिका झी मराठीची, २०१२-१३ मधली. त्यामुळे आधी झी फाइव्हवर शोधा. मराठीत टाकून सापडली नाही, तर रोमन लिपीत टाका. सदस्यत्व घेण्याआधी भाग उघडतो का, तेवढं बघा.

उत्तर २: भागाचा क्रमांक शोधत बसू नका. रमाबाईंचं लग्न १८७३ मध्ये झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, म्हणजे तुमच्या भाचीएवढ्याच! तेजश्री वालावलकर छोट्या रमाच्या भूमिकेत आहे, म्हणून सुरुवातीचेच भाग चाळा. मोठ्या रमाच्या भूमिकेतली स्पृहा जोशी दिसली की पुढे आलात. आणि एकच भाग नका हो दाखवू. घरातल्या बायकांचा विरोध सोसून ती शिकते, ते आधी पाहिलं तरच पाटीवरच्या अक्षराचं मोल मुलीला कळेल.

उत्तर ३: यूट्यूबवर तुकडे दिसले तर चॅनेल झी मराठीचंच आहे ना, हे नावाजवळच्या खुणेवरून तपासा. कडा कापलेले, आवाज बदललेले व्हिडिओ बहुधा चोरीचे असतात.

प्रश्नकर्ती: आभार! रविवारी पहिल्या भागापासूनच सुरू करते.