जुन्या मोटर गॅरेजच्या इमारती : राखाव्यात की पाडाव्यात?

पूर्णाकाठ

अमरावती जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, जुन्या सरकारी दवाखान्याच्या वळणावर एक मोटर गॅरेज उभे आहे. ते पाडून तेथे दुकानांचे गाळे काढण्याचा नकाशा नगरपरिषदेकडे मंजुरीसाठी गेला आहे. ही इमारत पाडू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच या चर्चामंचावर हा धागा काढत आहे.

वऱ्हाडात मोटर आली ती कापसाच्या पैशावर आणि रेल्वे सर्वत्र न पोचल्यामुळे. बडनेरा, मूर्तिजापूर, धामणगाव ही गावे मुख्य लोहमार्गावर होती; पण जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि मोठे बाजार असलेली कितीतरी गावे रुळांपासून दूर होती, आणि त्यांना स्टेशनाशी जोडण्याचे काम खाजगी मोटर सर्व्हिसवाल्यांनी केले. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत मोटारींच्या जुळणीचा, म्हणजे आणलेले सुटे भाग जोडण्याचा, कारखाना सुरू केला, पाठोपाठ फोर्डही आली. त्या काळी बसची नुसती चासी (इंजिन-चाकांसह सांगाडा) विकत घ्यायची आणि तिच्यावर लाकडी बॉडी गावच्या सुतारांकडून चढवून घ्यायची, अशी रीत होती. आमच्या गॅरेजचा आराखडा या रीतीवाचून कळत नाही. पुढे विक्रीची खोली, मागे दुरुस्तीची शेड आणि डाव्या अंगाला सुतारकामाची लांब पडवी आहे. पडवीचे दार शेडच्या दारापेक्षाही उंच आहे, कारण बॉडी चढलेली बस तेथूनच बाहेर पडायची. शेडमध्ये मधे एकही खांब नाही. सागवानी कैच्यांवर, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटींवर, मंगलोरी कौले आहेत, आणि मधल्या कैचीला इंजिन उचलायच्या चेन पुलीसाठी ठोकलेले लोखंडी कडे अजून शाबूत आहे. किल्ले आणि मंदिरे आपण जपतो. परंतु आपले आजोबा बाजाराला, कोर्टाला आणि दवाखान्याला कसे गेले हे ज्या इमारती सांगतात, त्यांची साधी यादीही कोणाकडे नाही.

आखीवपत्रिका

पूर्णाकाठ भाऊ, आपली तळमळ समजते, परंतु आपण ज्या इमारतीबद्दल लिहिता तिचा मालक कोण, याविषयी आपल्या लेखात एक अक्षरही नाही. यवतमाळ जिल्ह्यातील अशाच एका गॅरेजच्या वारसांपैकी मी एक आहे. जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची आणि पट्ट्याने मिळालेली आहे. पट्ट्याचे नूतनीकरण, थकलेले भुईभाडे, आखीव पत्रिकेवरील (जागेच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावरील) मयतांची नावे कमी करणे आणि विवाहित आत्यांची व बहिणींची नावे लावणे, यांत आमच्या घरातील दोन पिढ्यांचा वेळ गेला. कौले दर पावसाळ्याआधी फेरावी लागतात, आणि कौले फेरणारा माणूस आता शोधूनही सापडत नाही. वाशांना वाळवी लागली आहे. भाडे म्हणावे तर एक पंक्चरवाला आणि एक बॅटरीवाला, दोघेही जुन्या दराचे. गाळे काढले तर प्रत्येक वारसाच्या वाट्याला काहीतरी येईल. इतिहास सगळ्या गावाचा असेल, तर त्याचा खर्च एकट्या वारसाने का सोसावा, याचे उत्तर आपण द्यावे.

शिवाय या इमारतींचा व्यवसाय कोणी पाडून संपवलेला नाही. १९५३ साली सरकारने धोरण ठरवले की जे येथे उत्पादन करणार नाहीत त्यांनी नुसती जुळणी करू नये, आणि फोर्ड व जनरल मोटर्स दोन्ही निघून गेल्या. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे बसचे मार्ग एसटीकडे गेले. गॅरेजे मग ट्रक, जीप आणि ट्रॅक्टरवर जगली. १९८३ नंतर मारुती आली. कालांतराने कंपन्यांनी काचेचे दर्शनी दालन, मोकळे पार्किंग आणि महामार्गालगतची जागा अशा अटी घातल्या, आणि डीलरशिप गावाबाहेर गेली. जे काळानेच हलवले, ते आपण भिंती धरून कसे थांबवणार?

सागवान

मी स्थापत्य अभियंता आहे, म्हणून फक्त बांधकामाविषयी लिहितो. वाळवी लागली म्हणजे इमारत गेली, असा समज गावोगावी पसरवला जातो. कैचीचे टोक जेथे भिंतीत शिरते तेथे ओल धरते आणि बहुधा तेवढाच भाग कुजतो. तो कापून नवे लाकूड जोडता येते किंवा दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळता येतात. त्या काळच्या जुन्या सागवानाचा उरलेला भाग साधारणपणे ठणठणीत असतो. म्हणूनच पाडणारा ठेकेदार अशा इमारतीवर टपलेला असतो. वारसांना त्या लाकडाची खरी किंमत क्वचितच सांगितली जाते. मधे खांब नसलेली शेड हे आजही महागडे बांधकाम आहे. तेथे धान्यखरेदी, अभ्यासिका, मंगल कार्यालय, काहीही बसू शकते.

लंडनमधील मिशेलिन हाउस १९११ चे आहे. तेथे खाली मोटारींना टायर बसवून देत. १९८७ साली तेथे दुकान आणि उपाहारगृह सुरू झाले. ब्रुसेल्समधील सिट्रोएनचे १९३४ चे भव्य गॅरेज कलासंग्रहालयासाठी घेतले गेले. म्हणजे वापर बदलून इमारत टिकवता येते.

आखीवपत्रिका

लंडन-ब्रुसेल्सची उदाहरणे येथे गैरलागू आहेत. तेथे ज्या भाड्याने उपाहारगृह चालते, ते भाडे आमच्या तालुक्यात कोण देणार? जेथे वर्षातून एकदा, कापूस विकल्यावर, उधारी चुकती होते, तेथे अभ्यासिकेने घरपट्टी निघत नाही.

दारव्हा रोड

माझे वडील अशा गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागले आणि मिस्त्री म्हणून बाहेर पडले, त्यामुळे दोन्ही पक्षांचे लिहिणे वाचताना मला एक गोष्ट खटकली. इमारतीच्या गोष्टीत मालक आहे, कैची आहे, कौले आहेत. काम करणारा मात्र कोठेच नाही.

त्या शेडमधील खड्डा मी जवळून पाहिला आहे. माणूस उभा राहून गाडीच्या पोटाखाली काम करील इतका तो खोल होता, काठाला लोखंडी अँगल होता आणि एका बाजूला पायऱ्या होत्या. पावसाळ्यात त्यात पाणी झिरपायचे, त्यावर काळ्या ऑइलचा तवंग यायचा, आणि ते बादलीने उपसून मागच्या नालीत ओतले जायचे. बॅटऱ्यांचे आम्लही तेथेच जिरायचे. पूर्णाकाठ यांनी इमारत वाचवण्याआधी त्या जमिनीचे आणि मागच्या विहिरीच्या पाण्याचे काय करायचे तेही सांगावे. सागवान यांची अभ्यासिका त्या फरशीवर कशी मांडणार? आणि आखीवपत्रिका यांनी त्याच जागी किराण्याचे गाळे काढताना माती तपासून घेतली आहे का?

तरीही पाडण्याच्या बाजूने मला उभे राहता येत नाही. अॅम्बेसेडरचे इंजिन उतरवणे, डॉज ट्रकच्या स्प्रिंग-पाट्यांची पाने बदलणे, भाग मिळत नसेल तर खरादीकडून घडवून घेणे, हे शिकवणारी दुसरी शाळा आमच्याकडे नव्हती. २०२० साली गाड्यांच्या धुराचे बीएस-सहा हे कडक नियम आल्यानंतर बिघाड शोधणारा स्कॅनर नसलेल्या मिस्त्रीकडे नवी गाडी येत नाही. परंतु ट्रॅक्टर, मळणीयंत्र, फवारणीचे पंप आणि जुन्या दुचाकी आजही गावातच दुरुस्त होतात, त्याही रस्त्याच्या कडेला, उन्हात. उंच दाराची, वारा खेळणारी शेड त्यांना द्या. खड्डा बुजवा, वरची तेलकट माती काढा, फरशी नव्याने घाला. वस्तुसंग्रहालय मला नको आहे. तेथे पान्हा चालला पाहिजे.

पूर्णाकाठ

दारव्हा रोड यांच्या प्रतिसादाने माझी मागणी अधिक नेमकी झाली आहे. शेड दुरुस्तीकामासाठीच राहावी, हे मला पूर्णपणे मान्य आहे.

आखीवपत्रिका, खर्चाच्या प्रश्नाला मी बगल देत नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारकासाठी शंभर वर्षांची अट आहे. त्यात ही इमारत बसत नाही. परंतु राज्याच्या १९६६ च्या नगररचना अधिनियमाखालील विकास नियंत्रण नियमांतून वारसा इमारतींची यादी करता येते, मुंबईची १९९५ ची वारसा नियमावली त्याच वाटेने आली. नगरपरिषदेने यादीत नाव घालून मोकळे होऊ नये, तर घरपट्टीत सूट द्यावी आणि पुढच्या रस्त्याकडील मोकळ्या पट्ट्यात मालकांना गाळे काढू द्यावेत. शेड मागे आहे; गाळ्यांसाठी तिला हात लावण्याची गरज नाही. आपल्या कुटुंबाला आपल्या जागेवरही हाच नकाशा मिळाला, तर आपण शेड ठेवाल का?

आखीवपत्रिका

गाळे पुढे आणि शेड मागे, असा नकाशा आम्हाला आजवर कोणी दाखवलेला नाही. आलेल्या प्रत्येक बिल्डरने जागा सपाट करण्याचीच भाषा केली. हा नकाशा मी घरच्यांपुढे ठेवीन. मात्र ज्या कामासाठी पट्टा दिला त्यापेक्षा वेगळा वापर झाला तर नझूलकडून शर्तभंगाची नोटीस येते, आणि गाळे काढणे म्हणजे वेगळा वापरच. ती परवानगी मिळाल्याशिवाय आमच्यापैकी कोणीही सही करणार नाही, आणि घरपट्टीतील सूट ठराव होऊन कागदावर आल्याखेरीज मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. सागवान यांनी कैच्यांची तपासणी करून द्यायची तयारी दाखवली, तर शेडची किल्ली मी देईन; मात्र पावसाळ्याच्या आत, कारण पूर्वेकडची भिंत फुगली आहे.

सागवान

तपासणी आणि मोजमापे मी करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. भिंत फुगली असेल तर आधी त्या बाजूच्या दोन कैच्यांखाली टेकू द्या आणि पंक्चरवाल्याला तेथून हलवा. हे उद्याच करा, माझी वाट पाहू नका.